काकीच्या शेतावरचा पैरा

महाडला कॉलेजात जायला लागेपर्यंत ‘मानवी हक्क’ हे शब्द मी फक्त नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाचले होते. जिथे लढाया चालतात अशा लांबच्या देशांतल्या माणसांना ते लागत असावेत, असं मला वाटायचं. आमची वाडी पोलादपूरच्या वर आहे. आंबेनळीच्या रस्त्यावर एसटीतून उतरायचं आणि पायवाटेने खाली जायचं. तिथे लढाई कुठली? भांडणं होत, ती गावकीत मिटत. मिटत म्हणजे काय होत असे, हे मी कधी नीट पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या एका मॅडमनी मला महाडच्या बाजारामागच्या गल्लीत, बायकांच्या एका संस्थेत पाठवलं. संस्था म्हणजे एक खोली. सतरंजी, दोन शिलाई मशिनं, भिंतीला टेकवलेला गुंडाळलेला कापडी फलक. शनिवारी दुपारी बायका जमत. निवृत्त झालेल्या एक नर्स होत्या, त्यांना सगळे ताई म्हणत. कायद्याचं त्यांना बरंच माहीत होतं. दुसऱ्या होत्या आपा. त्या मशिनवर बसूनच बोलायच्या, हात थांबवायच्या नाहीत. पूर्वी एकदा बाजारात कसली तरी अफवा उठून दुकानं धडाधड बंद झाली होती, तेव्हा आपा आणि ताई पिशव्या घेऊन भाजी आणायला बाहेर पडल्या होत्या, असं बाकीच्या सांगत. आपांनी ताईंच्या आळीतून भाजी घेतली आणि ताईंनी आपांच्या मोहल्ल्यातून. मागोमाग आणखी बायका आल्या आणि संध्याकाळपर्यंत निम्मी दुकानं उघडली. मला ही गोष्ट जरा साधीच वाटली होती. मोर्चा नाही, भाषण नाही, शांततेचं काम म्हणजे भाजी घेणं?

एका शनिवारी ताई सामाजिक बहिष्काराच्या कायद्याबद्दल सांगत होत्या. गावकीने एखाद्या घराला वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, तसं ठरवणाऱ्यांवर तक्रार करता येते. मी वहीत लिहून घेत होते, ते हळूहळू थांबलं. कारण ताई जे वर्णन करत होत्या ते माझ्या काकीचं होतं.

काकी म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्याची बायको. चुलते वारून बरीच वर्षं झाली. तिचा मुलगा मुंबईला हॉटेलात कामाला आहे. आमचं घर एकच, मधोमध कूड घालून दोन केलेलं. अलीकडे आम्ही, पलीकडे काकी. दिवाळीनंतर खालच्या आळीतल्या एका सुनेला नवऱ्याने मारून बाहेर काढलं. ती काकीच्या पडवीत येऊन बसली. काकीने तिच्या जखमेला हळद लावली, जेवू घातलं आणि सकाळी पहिल्या मिनीडोअर रिक्षाने पोलादपूरच्या पोलीस ठाण्यात नेलं. सून पुढे माहेरी गेली. इकडे गावकी बसली. घरातलं भांडण आधी देवळात यायला हवं होतं, परस्पर ठाण्यात नेऊन वाडीचं नाव घालवलं, असं गावकीच्या पुढाऱ्यांचं म्हणणं. मुंबईला कामाला असलेल्या वाडीकरांच्या मंडळानेही फोनवरून तेच सांगितलं. काकीने नारळ घेऊन देवळासमोर उभं राहायचं आणि चूक कबूल करायची, असं ठरलं.

काकी देवळात गेली, पण तिने एवढंच सांगितलं, “नारळ देवाला देईन. चूक कसली कबूल करू?”

त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं बंद. गिरणवाला तिला बघून पट्टा काढून ठेवी. मिनीडोअरमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी राही. जो बोलेल त्याला दंड. आमच्या घरातही बोलणं बंदच होतं, पण माझ्या आईने त्यातून वाट काढली होती. ती म्हशीशी बोलायची.

“काय गो,” आई गोठ्यातून मोठ्याने म्हशीला विचारायची, “कालपासून खोकला येतोय तुला, काढा करून ठेवू काय पडवीत?”

कुडाच्या पलीकडून काकी आपल्या मांजराला सांगायची, “नको रे बाबा, आलं हाय माझ्याकडं. त्या म्हशीला सांग, गुळाचा खडा असला तर ठेव म्हणावं.”

बाबा ओटीवर बसून सगळं ऐकायचे आणि ऐकलं नाही असं दाखवायचे. मी एकदा त्यांना विचारलं की आपण उघडपणे का बोलत नाही. ते उठून बैलांपाशी गेले. मग म्हणाले, “उद्या या घरात मयत झाली तर उचलायला कोण येनार? तू येशील महाडवरनं चौघांना घेऊन?”  त्याचं उत्तर सोपं आहे असं मी अजूनही म्हणणार नाही.

त्या शनिवारी मी ताईंना सगळं सांगितलं.  पुढच्या रविवारी ताई आणि आपा माझ्याबरोबर वाडीत आल्या आणि काकीच्या पडवीत बसल्या. ताईंनी कायदा समजावला. काकी तांदूळ पाखडत ऐकत होती.

“तक्रार केली की काय होईल?” तिने विचारलं.

“चौकशी होईल. ज्यांनी ठरवलं त्यांच्यावर केस होईल.”

“आनि लावणीचं? माझ्या शेतात पोलीस येतील काय लावणी करायला?”

आपा हसल्या. ताई हसल्या नाहीत. काकी पुढे म्हणाली, “मला कोनाला आत टाकायचं नाय, ताई. पावसापाण्याचे दिवस आले. माझं एकच खाचर हाय. ते लागलं तर वर्षाचा भात घरचा. नाय लागलं तर पोरगा तिकडनं म्हनेल, माग माफी नि मोकळी हो. आताच म्हनतोय. मंडळात तोंड दाखवायला जागा नाय म्हनतो.” तिने सूप खाली ठेवलं. “मी माफी मागनार नाय. पोरीचं डोकं फुटलं होतं. तिला घरात घेतलं, ती चूक नाय.”

“तक्रार तुमची आहे,” ताई म्हणाल्या. “तुम्ही म्हणाल तेव्हा करू. नाही म्हणालात तर नाही.”

तेव्हा मला हे पटलं नव्हतं. कायदा आहे तर वापरायला हवा, असं मला वाटत होतं.

आषाढात रोपं हातभर झाली. काकीचीही झाली. पण खाचरात चिखल झाल्याशिवाय लावणी होत नाही आणि चिखलाला बैल लागतात. आधी दर वर्षी बाबा आमच्या बैलांनी काकीचं खाचर करून देत आणि काकी आमच्याकडे लावणीला येई. या वर्षी बाबा त्या बांधापाशी पोचले की बैल वळवत. संस्थेने खटपट करून महाडच्या बाजूचा एक पॉवर टिलर ठरवला. मी रस्त्यावर त्याची वाट बघत उभी होते. टेम्पो आला, वळणावरच्या देवळापाशी थांबला. ड्रायव्हरला फोन आला. तो बोलला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “माफ करा, मला इकडे पुन्हा कामं घ्यायचीत.” टेम्पो माघारी वळला. मी भिजत घरी आले. काकी दारात उभी होती. टिलर कुठे आहे, असं तिने विचारलं नाही. “केस पूस आधी,” एवढंच म्हणाली.

महाडला परत गेल्यावर मी खोलीत जाऊन बसले. मला वाटतं मी जरा रागातच होते. म्हटलं, आता तक्रारच करायला हवी, दुसरा मार्ग नाही.  आपांनी मशिन थांबवलं. तसं त्या कधी करत नसत.

“मला एक सांग,” त्या म्हणाल्या. “चिखल पुरुष करतात. मग लावणी?”

“बायका.”

“एकेक आपापल्या शेतात?”

“नाही, पैरा असतो. सगळ्या मिळून एकेका घराचं शेत लावतात. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे.”

“आणि कोणाकडे आधी जायचं, ते गावकी ठरवते?”

मी सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. “नाही,” मी म्हणाले. “ते बायकाच ठरवतात. वरच्या खाचरापासून सुरू करायचं आणि पाण्याबरोबर खाली उतरायचं.”

“तुझ्या काकीचं खाचर कुठे येतं?”

“आमच्या खाली. तिच्या खाली पुढाऱ्यांचं.”

आपांनी मशिन पुन्हा सुरू केलं. “मग त्या बायकांना काही बंद पाडायला सांगू नकोस,” त्या म्हणाल्या. “रोजचं जसं चालतं तसं चालू द्या म्हणावं. मधलं शेत ओलांडायचं कशाला?”

लावणीच्या आधी एक दुपार वाडीतल्या बायका कोणाच्या तरी पडवीत जमतात आणि फेर, म्हणजे शेतांचा क्रम, ठरवतात. त्या वर्षी त्या आमच्या पडवीत होत्या. आई चुलीत फणसाच्या आठळ्या भाजत होती, बायका सोलून खात होत्या. मी कोपऱ्यात बसले होते. आधी मी कधी तिथे तोंड उघडलं नव्हतं. एकीने फेर सांगायला सुरुवात केली, वरच्या आळीपासून. आमच्या घरापर्यंत आली आणि पुढे सरळ पुढाऱ्यांचं नाव घेतलं.

“मध्ये काकीचं खाचर आहे,” मी म्हणाले.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. आठळीचं साल हातात धरून एकजण म्हणाली, “बघा, महाडचं पानी!”

“कॉलेजात हेच शिकवतात काय गो बाय? आम्हाला वाटलं इंग्लिश शिकवतात.”

हसणं झालं. मला रडू येईल असं वाटत होतं, पण मी बोलत राहिले. फार काही बोलले नाही. फेर तुम्ही ठरवता, गावकी नाही, एवढंच मी म्हणाले. वरून खाली येताना एक शेत सोडायचं असं देवळात ठरलं, तेव्हा तुम्हाला कोणी विचारलं होतं का? काकीशी बोलू नका म्हणाले आहेत, लावणीला तोंड कुठे लागतं?

पुढाऱ्यांची बायको तिथेच बसली होती. वयाने सगळ्यांत मोठी, बायका तिला वयनी म्हणत. सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे गेलं. तिने एक आठळी सोलली, तोंडात टाकली, सावकाश चावली.

“दंड पडंल,” ती म्हणाली.

“सगळ्यांना पडंल,” माझी आई म्हणाली. चुलीकडे तोंड करून, पण या खेपेला तिने म्हशीला मध्ये घेतलं नाही. “माझी जाव हाय ती. तिच्या रोपांवरनं उडी मारून खाली जायला माझे पाय वळनार नायत, वयनी. मी आपली बांधावर बसेन.”

 मग दोघीतिघी एकदम बोलायला लागल्या. कोणी म्हणालं, घरात मार खावा लागेल. कोणी म्हणालं, ती पोर आपल्या घरात आली असती रडत तर आपन काय केलं असतं? एकजण उठून निघून गेली. बाकीच्या बसल्या. ठरलं असं कोणी बोलून दाखवलं नाही. पण निघताना वयनी आईला म्हणाली, “तुमच्याकडचं झालं की बघू,” आणि मला ते ‘बघू’ नकारासारखं वाटलं नाही.

आमची लावणी सुरू झाली तेव्हा ताई आणि आपाही आल्या होत्या. आईने त्यांना चिखलात उतरू दिलं नाही. “तुमी आमचं काम करायचं नाय,” ती म्हणाली. “नायतर उद्या म्हनतील, महाडच्या बायांनी केलं. तुमी बांधावर बसा नि बघा.” त्या छत्री घेऊन बसल्या. बाबा पुढे चिखल करत होते, मागे आमची ओळ. प्लास्टिकच्या खोळींवर पाऊस वाजत होता. दुपारच्या आत आमचं शेत लागलं.

बाबा बैल घेऊन पुढाऱ्यांच्या बांधाकडे वळले. पुढाऱ्यांचं खाचर अर्धंअधिक चिखल करून तयार होतं, रोपांच्या मुठी काढून ठेवल्या होत्या. आई आमच्या शेतातून वर आली, काकीच्या बांधावर गेली आणि बसली. तिच्या मागून मी. मग एकेक करत बाकीच्या. पाय पाण्यात सोडून सगळ्या बांधावर ओळीने. वयनी शेवटी आली, हात टेकत, आणि आईच्या शेजारी बसली.

पुढारी धावत आले. “काय चाललंय? चिखल बसंल माझा! उठा!”

कोणी उठलं नाही.

“ऊठ गो तू तरी!” ते बायकोवर ओरडले.

“गुडघे धरलेत,” वयनी म्हणाली. “इथनं हलवत नायत. या शेतात चिखल झाला की सुटतील.”

एकीला हसू फुटलं, तिने तोंडावर पदर धरला. पुढाऱ्यांनी ताई-आपांकडे बोट केलं. “ही महाडची शिकवनी!”

“आम्ही नुसत्या बसलोय, भाऊ,” आपा म्हणाल्या. “बसायला पण गावकी लागते का?”

वाडीत फोन लागत नाही. पुढारी रस्त्याच्या वळणापर्यंत चढून गेले, मुंबईच्या मंडळाशी बोलले आणि धापा टाकत खाली आले. मंडळाचा निरोप त्यांनी मोठ्याने सांगितला: सगळी घरं वाळीत टाका.

 मला भीती वाटली की आता एकजण उठेल आणि मग सगळ्या उठतील. आईने मान वर केली.

“टाका,” ती म्हणाली. “मंग तुमच्या लावणीला मुंबईहून मंडळ पाठवा म्हनावं. नि आमाला वाळीत टाकाल ते तुमी, मंग तुमच्याशी बोलनार कोन?”

काकी तेव्हा आपल्या रोपांपाशी उभी होती. ती आमच्यात येऊन बसली नव्हती, बहुतेक आम्हाला दंड पडू नये म्हणून. 

बाबा दोन बांधांच्या मध्ये बैल धरून उभे होते. सगळे त्यांच्याकडे बघत होते, पुढारी आणि आईसुद्धा. मला त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता, पाणी गळत होतं. मला त्यांचा प्रश्न आठवत होता, मयत कोण उचलणार. त्यांनाही तोच आठवत असावा. त्यांनी बांधावर बसलेल्या बायकांवरून एकदा नजर फिरवली, पहिलीपासून शेवटचीपर्यंत. मग कासरा ओढला आणि बैल काकीच्या खाचरात घातले.

काकीचं शेत त्याच दिवशी लागलं. शेवटची ओळ लावताना उजेड होता.

सगळं मिटलं असं मी लिहू शकत नाही. गावकीने बहिष्कार उठवल्याचं कधी सांगितलं नाही. आम्हाला दंड पडला असं एक दिवस कानावर आलं, पण मागायला कोणी आलं नाही. काकीने ताईंना सांगून ठेवलं की तक्रार तयार असू दे, पुन्हा कोणी गिरणीचा पट्टा काढला तर ती स्वतः सही करायला महाडला येईल. ताईंना तिने एवढंच विचारलं, सहीला कुठली एसटी बरी पडेल.

पण दुसरी सकाळ मला सांगायची आहे. फेरात पुढचं शेत पुढाऱ्यांचं होतं. पैऱ्याचा अर्थ असा की ज्यांनी तुझं लावलं, त्यांच्याकडे तू जायचंच. मी कुडाशी उभी राहून विचारलं, उघडपणे, “काकी, येतेस ना?” ती आधीच खोळ घेऊन बाहेर पडली होती.

पुढाऱ्यांच्या बांधावर आम्ही पोचलो तेव्हा बायका ओळीला उभ्या राहत होत्या. वयनी आईपासून थोडी बाजूला सरकली, दोघींच्या मध्ये एक जागा झाली. काकी त्या जागेत उतरली. पुढारी बांधावर छत्री घेऊन उभे होते. त्यांनी तिला बघितलं. ते ओरडतील असं वाटून मी आईचा हात धरला. वयनीने रोपांची एक मूठ उचलून काकीच्या हातात दिली.

“जरा लांब लांब लावा,” पुढारी पाण्याकडे बघत म्हणाले.

“कोनाला सांगताय?” काकीने विचारलं. सरळ, त्यांच्या तोंडाकडे बघून. कित्येक महिन्यांत ती त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य होतं.

पुढाऱ्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. “सगळ्यांनाच,” ते म्हणाले.

काकीने रोपांची मूठ सोडवली आणि लावायला वाकली.